मखराला ५ मीटर एलईडी पट्टी लावली, शेवटी मंद पडते. २ अँपिअरचा अडॅप्टर कमी पडतोय का?

हो, फारच कमी. १२ व्होल्टची ५०५० पट्टी (५ बाय ५ मिमीच्या एलईडींची), मीटरला ६० एलईडीवाली, मीटरमागे साधारण १४.४ वॅट खाते. ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. अगदी काठावरचा घेऊ नका. ८ ते १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो.

पण तेवढ्याने शेवटचं टोक उजळेलच असं नाही. पट्टीतला तांब्याचा थर पातळ, त्यामुळे वाटेतच व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर लावा, टोकाला १२ च्या जागी १० च्या आसपासही दिसतं. एसएमपीएसपासून १ चौरस मिमीच्या वायरची वेगळी जोडी नेऊन दुसऱ्या टोकालाही सोल्डर करा, प्लसला प्लस, मायनसला मायनस. क्लिपवाले कनेक्टर एवढ्या करंटला भरवशाचे नाहीत, ढिले पडून तापतात.

कापायची तर खुणेवरच, दर ३ एलईडींनंतर असते. पट्टी रिळावर गुंडाळलेली असताना जास्त वेळ पेटवू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत मागची टेप सुटतेच. प्लायवूड कोरडं पुसून क्लिपा ठोका.

एसएमपीएस मखराच्या कापडाखाली कोंबू नका. त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, झाकण लावा, अर्थिंग जोडा.