दवाखान्यात ब्लीचिंग करून घेतलं तर दातांचं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) झिजतं का?

झिजत नाही. काही दिवस किंचित मऊ पडतं, मग सावरतं. लिंबू-सोडा किंवा कोळशाची पूड घासून मात्र ते खरोखरच झिजतं आणि गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात.

दवाखान्यातल्या जेलमध्ये साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. इनॅमलच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून ते आत झिरपतं, डेंटिनपर्यंत, म्हणजे इनॅमलखालच्या थरापर्यंत पोचतं आणि तिथल्या रंगद्रव्यांचे रेणू तोडतं. दात खरवडला जात नाही.

मग मऊ का पडतं? माझ्या मते इथे पेरॉक्साइडइतकंच लक्ष जेलच्या पीएचकडे, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे याकडे द्यायला हवं (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त). पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. पेरॉक्साइड टिकावं म्हणून काही जेल मुद्दाम आम्लधर्मी ठेवलेली असतात. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, 'जेलचा पीएच किती?' सातच्या आसपास असेल तर उत्तम. एरवीही लाळेतली खनिजं आणि फ्लोराइड यांमुळे कडकपणा साधारण एक-दोन आठवड्यांत भरून येतो. तोवर मऊ ब्रश वापरा आणि पहिले दोन दिवस आंबट पेयं टाळा.

दात शिवशिवले की लोकांना वाटतं, इनॅमल गेलं. तसं नसतं. पेरॉक्साइड काही मिनिटांतच दाताच्या गाभ्यापर्यंत पोचतं आणि तिथली नस चिडते. हा त्रास बहुधा दोन-चार दिवसांत ओसरतो. आधीचे दोन आठवडे ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट वापरली तर तो कमी होतो. पण कीड, तडा, गळकं फिलिंग किंवा हिरडी उतरून उघडं पडलेलं मूळ असेल, तर तिथून जेल थेट आत शिरतं आणि सणक सहन होत नाही. म्हणून आधी तपासणी करून किटण काढायचं, मग हिरडीवर संरक्षक रेझिनचा लेप लावायचा, आणि त्यानंतर जेलचे १०-१५ मिनिटांचे दोन-तीन थर. मध्येच हिरडीला आग झाली तर गप्प बसू नका. रेझिनखालून जेल गळतंय. पांढरी पडलेली हिरडी सहसा काही दिवसांत बरी होते.

निळ्या दिव्यासाठी जादा पैसे मी तरी मोजणार नाही. टिकाऊ फरक फारसा पडत नाही, उलट दात तापतो.

खरी गडबड पुढे होते. बैठक संपते तेव्हा दात कोरडे पडलेले असतात, त्यामुळे आहेत त्याहून पांढरे दिसतात. आठवडाभरात पाणी परत मुरतं, छटा थोडी उतरते आणि माणूस लगेच दुसऱ्या बैठकीला धावतो. इनॅमलला सावरायला वेळच मिळत नाही. अंतिम रंग दोन आठवड्यांनी बघा.

कॅप आणि जुन्या फिलिंगचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. ती नव्या छटेला जुळवून बदलायची असतील तर तेही दोन आठवड्यांनंतरच, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ती बसवायचं रेझिन नीट चिकटत नाही.