पुसलेले मेसेज

"मनात आलं म्हणजे पाप झालंच ना, ताई?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता समुपदेशनाला आलेला माणूस समोरच्या खुर्चीत कसा बसतो त्यावरूनच ओळखते. विचारणारी माणसं उथळ नसतात. संडे स्कूल घेणारी, प्रभुभोजनाचा रविवार कधी न चुकवणारी असतात. त्यांतल्याच एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय 38, राहायला पिंपरी-चिंचवडला, चर्चच्या गायनमंडळात. नवरा चाकणला कारखान्यात, पाळ्या बदलत्या. मंडळातल्या एका ब्रदरशी गाण्यांच्या निमित्ताने मेसेज सुरू झाले आणि निमित्त संपलं तरी चालूच राहिले. घाबरून तिने तीन शुक्रवार उपवास धरला. "जितकी प्रार्थना करते, तितका तोच आठवतो," म्हणाली. आठवणारच! रोज गुडघे टेकून त्याचंच नाव घ्यायचं, मग विसरणार कसं? (प्रार्थना करू नका असं मी सांगत नाही. तशी माझी ख्याती आहे, म्हणून आधीच सांगितलं.)

दोन भेटी नुसत्या रडण्यात गेल्या. बायबलमधलं मत्तय 5:28 तिला तोंडपाठ: परस्त्रीकडे अभिलाषेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, हे येशूचं वचन. ते वचन अभिलाष धरण्यासाठी पाहणाऱ्याबद्दल आहे, नजर गेली त्या क्षणाबद्दल नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मोह दारात येतो. त्याला पाट मांडून बसवणं वेगळं. परीक्षा येशूचीही झाली आणि तो निष्पाप राहिला, असं इब्री 4:15 म्हणतं. परीक्षा होणं हेच पाप असतं तर हे लिहिताच आलं नसतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "त्याचे मेसेज आहेत अजून?"

"नाही. रोज रात्री पुसते."

"काय असायचं त्यात?"

"काही नाही हो. 'सिस्टर, जेवलात का?' 'आज आवाज बसला होता तुमचा.' असलंच."

"मिस्टरांना दाखवता येणार नाही असं काय होतं?"

"काहीच नव्हतं."

"मग पुसलं का?"

ती पंख्याकडे बघत राहिली. मीही बोलले नाही. गप्प बसायला शिकण्यात माझी दहा वर्षं गेलीत, आणि त्या दिवशी ती वसूल झाली. शेवटी ती हळूच म्हणाली, "म्हणजे मला माहीत होतं."

'आपल्या अंतःकरणाचे रक्षण कर,' हे नीतिसूत्रे 4:23 आपण भावनांबद्दल वाचतो. पण मूळ हिब्रू भाषेत अंतःकरण म्हणजे माणूस जिथे विचार करतो, ठरवतो ती जागाही. त्यामुळे पहारा ठेवायचा तो ठरवण्यावर. भावनेचा गळा दाबत बसून काही होत नाही. तिच्या बाबतीत तो क्षण रोज रात्री अकराला, पुसण्याच्या बटणावर यायचा. बायबलमधल्या दाविद राजानेही दुसऱ्याच्या बायकोला जवळ करण्याआधी फक्त चौकशीच केली होती, ती स्त्री कोण म्हणून.

मी पुढचं विचारलं, "जेवलात का, असं घरी कुणी विचारतं?" त्यावर ती जे रडली ते आधीच्या रडण्यासारखं नव्हतं. माझं मत पक्कं आहे: मोहाखाली बहुधा भूक असते, आणि भुकेला नुसतं रागावून चालत नाही.

गायनमंडळ सोडू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. बायबलमधला योसेफ, धन्याची बायको मागे लागली तेव्हा, वस्त्र टाकून पळाला, पण त्याआधी रोज तिच्या तोंडावर नाही म्हणत होता. तेव्हा आधी तिने त्या ब्रदरला सरावानंतर, उजेडात, स्पष्ट सांगितलं: गाण्याचं काय ते सगळ्यांच्या ग्रुपवर. फोन रात्री स्वयंपाकघरात राहू लागला. नवऱ्याला सांगताना मात्र मी घाई करू दिली नाही. स्वतःचं ओझं हलकं करायला रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या अंगावर कबुली टाकणं मला प्रामाणिकपणा वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी सांगा, म्हटलं, आणि आपल्याला काय कमी पडत होतं तेही सांगा.

त्याने फक्त "किती दिवस?" एवढं विचारलं आणि दोन दिवस अबोला धरला. पुढच्या भेटीला तिच्याबरोबर आला. हेल्मेट मांडीवर घेऊन अर्धा तास नुसता बसला, मग म्हणाला, "मलाही कुणी विचारत नाही, मॅडम."

अजून येतात दोघं. जखम भरलेली नाही. पहिली पाळी असली की तो तिला सरावाहून न्यायला जातो आणि बाहेर स्कूटरवर बसून राहतो. आत या म्हटलं तर म्हणतो, आपल्याला सूर लागत नाही.