न्यूटची अंडी फलित आहेत हे कसे ओळखावे आणि त्यांची निगा कशी राखावी?

टाकीतल्या न्यूटच्या (सरड्यासारख्या दिसणाऱ्या, शेपटीवाल्या उभयचर प्राण्याच्या) मादीने चार दिवसांपूर्वी पाणवनस्पतींच्या पानांत अंडी घातली, त्यातली काही फिकट दिसतात, तेव्हा ती टाकून द्यावीत का, असे आपण विचारले आहे. कृपया इतक्यात एकही अंडे टाकू नका. कलगीवाल्या न्यूटची अंडी मुळातच पांढरट-पिवळसर असतात, तर लाल पोटाच्या न्यूटची एका बाजूने तपकिरी आणि दुसऱ्या बाजूने फिकट असतात. त्यामुळे नुसत्या रंगावरून निर्णय घेतला की चांगली अंडीही हातची जातात. मी सुरुवातीला अशीच बरीच अंडी फेकून दिली, याची हळहळ आजही वाटते.

आकार पाहावा. भिंगातून रोज पाहिल्यास फलित अंड्यातील गोळ्यावर पहिल्या दिवशी विभाजनाच्या नेमक्या रेषा दिसतात, मग तो पुन्हा गुळगुळीत भासतो आणि पुढे लांबट होत घेवड्याच्या बीसारखा वाकतो. अफलित अंड्यावरही कधी कधी वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या रेषांवर मी विसंबत नाही. गोळा लांबला, की मात्र शंका उरत नाही. दहा-बारा दिवस होऊनही तो गोलच राहिला, धुरकट झाला किंवा त्यावर कापसासारखी बुरशी आली, तर ते अंडे गेले असे समजावे. टाकीत सध्या नर नाही म्हणून अंडी अफलितच असतील असेही नाही, कारण मादी शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते.

आपली न्यूट कलगीवाली असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. या न्यूटमध्ये पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रातील आनुवंशिक दोषामुळे सुमारे निम्मे गर्भ शेपटीचा अंकुर दिसू लागण्याच्या सुमारास मरतात. आपण कितीही जपले तरी ते टळत नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नये.

प्रौढ न्यूट अंडी खातात, म्हणून अंडी वेगळ्या, उथळ भांड्यात ठेवणे अगत्याचे आहे. चिकट आवरण ओढून सोडवू नये, पानाचा तुकडाच कापून घ्यावा. पाणी क्लोरीनविरहित, मूळ टाकीइतक्याच तापमानाचे, शक्यतो १८ ते २० अंश सेल्सिअस असावे, थेट ऊन लागू देऊ नये आणि एक-दोन दिवसांआड थोडे पाणी बदलावे. बुरशी आलेले अंडे ड्रॉपरने लगेच काढावे, कारण ती शेजारच्या अंड्यांवर पसरते.

तापमानानुसार दोन ते चार आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. त्याआधी काही दिवस, भांडे हलकेच हलवले की पारदर्शक आवरणात गर्भ एकदम गिरकी घेतो. बाहेर आलेले पिल्लू पहिले काही दिवस काचेला चिकटून निश्चल राहते. तेव्हा त्याच्या पोटात पिवळ्या बलकाचा साठा असतो, म्हणून तो संपून ते पोहू लागेपर्यंत भांड्यात अन्न टाकू नये, आणि नंतर मात्र जिवंत, हालणारे सूक्ष्म जीवच द्यावेत.