वेपन, बंदूक की बारा बोर?

एका ताईंनी विचारलंय की उमरेडकडच्या त्यांच्या मामांकडे पीक राखायच्या परवान्यावरची बंदूक आहे, पण मामा तिला बंदूक म्हणतच नाहीत, घरी 'बारा बोर' म्हणतात आणि चारचौघांत 'वेपन', तर यातला बरोबर शब्द कोणता आणि बारा म्हणजे बारा काय?

ताई, आधी बाराचं सांगतो कारण तिथे भल्याभल्यांची गल्लत होते. एक पौंड शिसं घ्यायचं, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, त्याच्या सारख्या १२ गोळ्या पाडायच्या, आणि त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर. नळीचा व्यास येतो साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून वीस बोर ऐकून मोठी वाटली तरी ती बारापेक्षा बारीक असते, एका पौंडात जास्त गोळ्या पाडल्या की प्रत्येक गोळी लहानच होणार ना. पण खरी गंमत पुढे आहे, परवान्यावर रिव्हॉल्व्हरपुढे '.३२ बोर' असं लिहितात आणि तिथे बोर म्हणजे गोळ्यांची संख्या नाही, ते सरळ इंचातलं माप आहे, जेमतेम आठ मिलिमीटर. म्हणजे एकाच कागदावर एकच शब्द दोन वेगळ्या हिशेबांनी येतो आणि बाळगणारे दोन्ही सहज बोलून जातात, 'माझी बारा बोर, भावाचं बत्तीस'.

यातलं 'माझी' बघा. बंदुकीच्या या इंग्रजी बोरला मराठीत स्वतःचं लिंग नाही, ती स्त्रीलिंगी झाली कारण आत बंदूक लपलेली आहे. 'वेपन' मात्र नपुंसक, 'माझं वेपन', तिथे मनात शस्त्र किंवा हत्यार असतं. मला हे फार आवडतं, शब्द बाहेरून आला तरी माणूस त्याला आपल्याच घरातल्या कोणाच्या तरी जागेवर बसवतो.

आता बंदुकीला काय म्हणायचं ते माझ्या मते समोर कोण आहे यावर ठरतं. काटोलकडे आमच्या थोरल्या काकांची दुनळी आहे. दसऱ्याला पाटावर ठेवून झेंडू आणि आपट्याची पानं वाहतात तेव्हा काकू म्हणते 'बंदूक नीट ठेवा', तेव्हा कोणी वेपन म्हणत नाही. रानडुकरं तुरीत शिरली की काका म्हणतात 'बारा बोर काढ'. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की फोनवर सांगतात, 'ठाण्यात वेपन जमा करून राहिलो'. एकच माणूस, एकच वस्तू. पोलीस ठाण्यात सगळे वेपनच म्हणतात, म्हणून त्या शब्दाला कायदेशीरपणाचा मान आहे, वेपन म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं याच्याकडे परवाना आहे. अमेरिकेत बरेच बंदूकवाले नेमका हाच शब्द टाळतात कारण त्यांना त्यात हल्ल्याचा वास येतो. आपल्याकडे तो वास 'कट्टा' या शब्दाला आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला कट्टा म्हणजे गप्पा मारायची जागा, नागपूरच्या पेपरात 'देशी कट्टा' म्हणजे बिनापरवान्याचं गावठी पिस्तूल, आणि परवानेवाल्याच्या पिस्तुलाला चुकून कट्टा म्हणून बघा, तो लगेच दुरुस्त करतो. 'घोडा'चंही तसंच, मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल, काकांसाठी तो बंदुकीचा फक्त एक भाग, जो चढवतात.

जुनी नावं मात्र हाताच्या कामावरून पडली होती. तोड्याची बंदूक, म्हणजे पेटती वात लावून उडवायची. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरायची, तिलाच गडचिरोलीकडे भरमार म्हणतात. खुद्द बंदूक हा शब्द अरबीतून आला, तिकडे बुंदुक म्हणजे एक गोल फळ, हेझलनट, मग त्या आकाराची गोळी, आणि मग गोळी मारणारं हत्यार. काडतूस पोर्तुगीजांचं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचा परवाना खिशात आला आणि आता नाव कागदावरून पडतं, बारा बोर, बत्तीस बोर. काकांनी एकदा काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं होतं, लाल प्लास्टिक, खाली पितळी बूड आणि त्यावर १२ चा ठसा. आजोबा ठासणीची म्हणायचे ते त्यांना रोज ठासावं लागायचं म्हणून, काकांना ठासायचं कामच उरलं नाही, त्यांना तो आकडा तेवढा बघावा लागतो.

तेव्हा ताई, मामांचं काही चुकत नाही. तुम्ही लिहिताना 'बंदूक' लिहा, अस्सल आपला झालेला शब्द आहे, 'अग्निशस्त्र' पोलिसांच्या प्रेसनोटला राहू द्या. फक्त तिला 'रायफल' लिहू नका, रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, बारा बोरची नळी सहसा आतून गुळगुळीत असते, आणि मामांनी वाचलं तर सगळ्यात आधी तेच खटकेल.