मनात शंका असूनही लोक कडक धर्मपंथ का सोडत नाहीत?
कारण विश्वासाबरोबर अख्खा गोतावळा सोडावा लागतो. नोकरी पंथातल्याच माणसाकडे, सासर-माहेर पंथातच, मुलांचे मित्रही तिथलेच. अशा माणसाला देव आहे की नाही हा प्रश्न विचारणं परवडतच नाही. अमेरिकेतल्या अमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती समाजात मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन मग बाहेर पडणाऱ्यावर बहिष्कार पडतो (आधीच निघून गेला तर सहसा नाही). ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथात तर घरचेही बोलणं टाकू शकतात.

दुसऱ्या कारणाची चर्चा कमी होते, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येकाला वाटतं, शंका फक्त आपल्यालाच आहे. अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी मांडलंय की सामाजिक दबावामुळे लोक खरं मत लपवून चारचौघांत वेगळंच बोलतात, आणि ते ऐकून बाकीचेही गप्प बसतात. सगळेच माना डोलावतात, त्यामुळे कोणालाच कोणाचा पत्ता लागत नाही.

शिवाय ज्यासाठी उमेदीची वर्षं घातली ते चूक होतं, हे स्वतःशी कबूल करणं जड जातं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांचा १९५७चा मानसिक विसंगतीचा सिद्धांत इथे लागू पडतो: दोन गोष्टी मनात एकमेकींना छेद देऊ लागल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता घालवायला स्वतःची समजूत घालतो.

आणि हो, सगळेच अडकलेले नसतात. अडीअडचणीला धावून येणारी माणसं काहींना शिकवणुकीपेक्षा मोलाची वाटतात. त्यासाठी पंथात राहणाऱ्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.