काम दुसऱ्याच्या हाती देताना

प्रश्न : इंदिरानगरमधील २४ सदनिकांच्या आमच्या सोसायटीची मी दीड वर्षापासून सचिव आहे. दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून माझी बिनविरोध निवड झाली. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने संमत झाला, त्यासाठी तिघांची समितीही नेमली. पण प्रत्यक्षात काम मीच करते. सकाळी घंटागाडी आली की खाली मीच उभी असते, टाकी साफ करणाऱ्यांना फोन मीच करते, थकबाकीदारांच्या दाराशी मीच जाते. घरीही मुलाचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, विजेचे बिल हे सारे मीच पाहते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या दोन शिबिरांना जाऊन आले, वहीत संकल्पही लिहिले. तरी चिडचिड वाढतेच आहे. नेतृत्व माझ्या स्वभावातच नाही का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या पत्रात ‘मीच’ हा शब्द पाच वेळा आला आहे. त्यात थकवा आहे आणि, रागावू नका, थोडा अभिमानही आहे. तो मला ओळखू येतो, कारण शिक्षिका म्हणून काम करताना अनेक वर्षे तो माझ्याही बोलण्यात होता. एका स्नेहसंमेलनाच्या वेळी फलकलेखनाचे काम मी आठवीतल्या एका मुलीकडे सोपवले होते. अक्षर वाकडे वाटले म्हणून संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी ते पुसले आणि स्वतः पुन्हा लिहिले. सकाळी ती मुलगी फलकासमोर बराच वेळ उभी राहिली, काही बोलली नाही आणि त्यानंतर शाळा सोडेपर्यंत तिने कोणत्याही कामासाठी हात वर केला नाही. पाहुण्यांनी त्या फलकाचे कौतुक केले होते. ते कौतुक मला आजही बोचते.

म्हणून आपल्या स्वभावाविषयी निकाल देण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. समितीतल्या कोणी काम अर्धवट केले, तेव्हा आपण त्यांना ते पूर्ण करू दिले, की त्यांच्या हातून काढून घेतले? माणसाची वाढ संकल्पांच्या वहीत दिसत नाही. आपल्यापेक्षा कमी नीटनेटके झालेले दुसऱ्याचे काम पाहत शांत उभे राहता येऊ लागले की ती दिसते, आणि माझ्या अनुभवात याइतके कठीण दुसरे काही नाही.

आता समितीविषयी. तिघांकडे मिळून दिलेले काम बहुधा कोणाचेच नसते. पुढच्या समिती सभेत कामाचे असे तुकडे करा की प्रत्येक तुकडा एका माणसाच्या हातात पूर्ण मावेल : एकाने पहिल्या दोन मजल्यांशी बोलायचे, दुसऱ्याने उरलेल्या मजल्यांशी, तिसऱ्याने घंटागाडीच्या वेळेला खाली थांबायचे. इतिवृत्तात ‘समितीने कार्यवाही करावी’ असे न लिहिता नाव आणि तारीख लिहा. काम कसे करायचे हे मात्र त्यांचे त्यांना ठरवू द्या. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपल्यावर ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते; त्या सभेत कचऱ्याचा अहवाल आपण वाचू नका, ज्यांनी काम केले त्यांनाच वाचू द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्या प्रत्येक घरावर टाकली होती. ती २४ घरांची जबाबदारी आपण एकटीने उचलली आहे.

यानंतर एखाद्या सकाळी घंटागाडी येईल आणि खाली कोणीच नसेल. त्या दिवशी आपण जिना उतरू नका. कचरा दिवसभर पडून राहील, वास येईल, कोणीतरी आपल्याला फोन करून रागाने विचारेल. त्यांना ज्यांच्याकडे काम आहे त्यांचे नाव सांगा आणि फोन ठेवा. त्या सदस्यांशी नंतर एकांतात बोला. सभेत किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर नको. चारचौघांत कमीपणा आलेला माणूस काम सुधारत नाही, फक्त सोडून देतो.

सगळेच असे सोडून देता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. सासूबाईंच्या गोळ्या हा प्रयोगाचा विषय नाही. तिथे चूक परवडणार नाही, म्हणून ते काम सोपवायचे असेल तर आठवडाभर दोघांनी मिळून करा. विजेचे बिल यजमानांकडे द्या. मुलाचे वय आपण लिहिलेले नाही, पण तो माध्यमिक शाळेत असेल तर डबा त्याने स्वतः भरावा. चार दिवस त्यात फक्त पोळी आणि लोणचे असेल. असू द्या.

आपण नाशिकच्या आहात, म्हणून एक आठवण करून देते. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते, पण त्याच वर्षाच्या अखेरीस ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, आणि नाशिकात रोजचा लढा चालवण्याचा भार दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहिला. सत्याग्रह काही वर्षे चालला. माणुसकीच्या हक्कासाठी लोकांनी मार खाल्लेल्या त्या लढ्याची सोसायटीच्या कामाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. बाबासाहेब पत्रांतून मार्गदर्शन करत राहिले आणि प्रत्यक्ष काम त्यांनी स्थानिक माणसांवर विश्वासाने सोडले, एवढेच मला दाखवायचे आहे. दादासाहेब पुढे भूमिहीनांच्या लढ्याचे मोठे नेते झाले आणि संसदेतही पोहोचले. त्या घडणीत नाशिकच्या त्या वर्षांचा वाटा मोठा आहे, असे मी मानते.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. मी ३१ वर्षांचा आहे, कृषी पदवीधर आहे. पण छाटणीची तारीख, फवारणी, मजुरांची टोळी, व्यापारी, सगळे अण्णाच ठरवतात. मी सुचवले की ‘तुला काय कळतंय’ एवढेच उत्तर मिळते. पुढाकार घ्यायचा तरी कसा?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आपला प्रश्न वरच्या ताईंच्या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. अण्णांचा नकार आपल्याला अपमान वाटतो, पण एका अवकाळी पावसात वर्षाचे पीक जाताना त्यांनी पाहिले असणार. त्यांच्या ‘नाही’मध्ये ती भीती आहे. म्हणून चार एकरांचा अधिकार मागू नका, वीस गुंठे मागा, आणि ते सुद्धा वाद चालू असताना नको, ऑक्टोबर छाटणीच्या आधी निवांत वेळी मागा. त्या वीस गुंठ्यांतली फवारणी, विरळणी, मजुरी आणि खर्च यांची नोंद रोज संध्याकाळी वहीत करा. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी आणि फवारण्यांचा हिशेब लागतोच, त्यामुळे ही सवय वाया जाणार नाही. केवडा किंवा भुरी यांसारखा बुरशीचा रोग दिसला तर लपवू नका. त्याच दिवशी अण्णांना बागेत नेऊन दाखवा आणि त्यांचे मत विचारा. आपण चूक झाकत नाही, एवढी खात्री पटली की त्यांची पकड थोडी सैल होईल. पहिल्या हंगामात त्यांच्यापेक्षा माल कमी निघाला तरी वही त्यांच्यासमोर ठेवा, आणि पुढच्या छाटणीला तेच वीस गुंठे पुन्हा मागा.