वाचकांचे प्रश्न : बाळाला सिस्टिक फायब्रोसिस, विम्याचे काय?

या आजाराबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी एकत्र घेत आहोत. ज्यांना आजार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सीएफटीआर या जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की शरीरातले स्राव घट्ट होतात. छातीत कफ साचतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबल्याने दूध-तूप पचत नाही, आणि घामावाटे मीठ फार जाते. बाळाचा पापा घेतला की ओठाला खारट लागते ते त्यामुळेच.

बाळ २३ दिवसांचे आहे. जन्मल्यावर शी अडकली म्हणून दुसऱ्याच दिवशी आतड्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांना सिस्टिक फायब्रोसिसची शंका आहे आणि पुढच्या आठवड्यात घामाची तपासणी सांगितली आहे. यजमानांच्या कंपनीचा ग्रुप विमा आहे, शिवाय घरची वेगळी फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच) पॉलिसी. एजंट म्हणतात, बाळाचे नाव पॉलिसीत चढेपर्यंत तपासणी करू नका. थांबावे का? (एक आई, सांगली)

अजिबात थांबू नका. घामातले क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आले की आजार धरतात. ३० ते ५९ आले तर पुन्हा तपासणी आणि जनुक चाचणी करतात. हे निदान लांबले तर बाळाला पाचक एन्झाइम आणि मीठ सुरू व्हायला उशीर होतो, वजन वाढत नाही आणि उन्हाळ्यात क्षार धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. शिवाय थांबून लपतही काही नाही. ऑपरेशनच्या कागदावर ‘मेकोनियम इलियस’, म्हणजे नवजात बाळाच्या घट्ट शीने आतडे तुंबणे, असे लिहिलेले आहे, आणि ते वाचणाऱ्या विमा कंपनीच्या डॉक्टरला पुढचा अंदाज सहज येतो.

आता ग्रुप विमा. तुमच्या हातात असलेला सर्वात भक्कम आधार हाच. बहुतेक ग्रुप पॉलिसींत बाळ पहिल्या दिवसापासून धरलेले असते आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (ज्या काळात त्यांचे दावे मिळत नाहीत तो) माफ असतो. पण कंपनीला कळवण्याची मुदत असते, बहुधा जन्मापासून ३० दिवस. तुमचे २३ गेले, म्हणजे उद्याच यजमानांनी एचआरला ई-मेल करायला हवी. फोन नको, तोंडी निरोप नको. मेलमध्ये बाळाची जन्मतारीख, लिंग, आईचे नाव आणि रुग्णालयाचा जन्माचा दाखला असला की पुरे. महापालिकेचा दाखला आणि आधार मागाहून देता येतात. बारसे व्हायचे आहे म्हणून नाव ठरलेले नसेल, तर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव असे चढवा.

हे ‘बेबी ऑफ’ पुढे फार जणांना अडवते. ऑपरेशनचे कागद आणि घामाच्या तपासणीचा अहवाल त्या नावावर, पॉलिसीत मात्र बारशाचे नाव, आणि दावा ‘रुग्ण व विमाधारक एकच असल्याचे सिद्ध होत नाही’ म्हणून लटकतो. नाव ठेवले की त्याच आठवड्यात पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. ‘बेबी ऑफ अमुक आणि अमुक हे एकच’ असे रुग्णालयाच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, सही-शिक्क्याने लिहून घ्या आणि त्याच्या चार प्रती ठेवा.

फ्लोटरचे गणित वेगळे. त्यात प्रसूती लाभ असेल तर नवजात बाळ बहुधा ९० दिवसांपर्यंत धरलेले असते, पुढे अर्ज करून हप्ता भरून त्याला आत घ्यावे लागते. त्या अर्जात ऑपरेशन आणि चाललेली तपासणी दोन्ही लिहा. दडवलेली गोष्ट सापडली तर कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर ही मुभा फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच उरते. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ १ एप्रिल २०२४ पासून ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तीन वर्षे थांबणे परवडते. खोट्या अर्जावर हप्ते भरून ऐन अडचणीत रिकाम्या हाताने उभे राहणे परवडत नाही.

नातू पाच महिन्यांचा. मे महिन्यात एकदम मलूल झाला, चार दिवस ॲडमिट होता, तिथेच सिस्टिक फायब्रोसिस निघाले. तिसऱ्या महिन्यात त्याचे नाव पॉलिसीत घातले होते. टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेने) पत्र पाठवले की आजार जन्मजात व आधीपासूनचा, आणि उपचार ओपीडीत होण्यासारखा होता. दावा नामंजूर. काही करता येईल? (एक आजोबा, नागपूर)

येईल. पत्रात तीन कारणे आहेत. तिन्हींना वेगवेगळे उत्तर द्या, एकत्र कालवू नका.

‘जन्मजात’. जन्मजात दोषात बाह्य आणि आंतरिक असा फरक आहे. बाह्य म्हणजे शरीरावर दिसणारा. सिस्टिक फायब्रोसिस आंतरिक आणि जनुकीय आहे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आंतरिक जन्मजात आणि जनुकीय आजार पॉलिसीतून वगळायला मनाई केली. त्याआधी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही जनुकीय आजार सरसकट वगळण्याला नकार दिला होता. नुसते ‘जन्मजात’ हे कारण म्हणूनच टिकत नाही.

‘आधीपासूनचा’. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार दिलेला असा आजार म्हणजे आधीपासूनचा. जनुकातला बिघाड जन्मापासूनचा असला तरी निदान मे महिन्यातले आहे. मग टीपीएने हे कुठून काढले? तुमचे डिस्चार्ज कार्ड काढा आणि पहिल्या चार ओळी पाहा. तिथे बहुधा ‘के/सी/ओ सिस्टिक फायब्रोसिस सिन्स बर्थ’ असे असेल. म्हणजे जन्मापासून हा आजार असल्याचे माहीत असलेला रुग्ण. निवासी डॉक्टर घाईत असे लिहून जातात आणि दावा त्याच ओळीवर बुडतो. मूळ कागदावर खाडाखोड करू नका. उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडून स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या: घामाची पहिली तपासणी कोणत्या तारखेला झाली, किती क्लोराइड आले आणि त्याआधी या आजाराचे निदान वा उपचार झाले नव्हते. एक गोष्ट मात्र आधी तपासा. नाव घालण्यापूर्वी वजन वाढत नाही किंवा सतत खोकला आहे म्हणून बाळाला दाखवले होते का? असेल तर तो कागद कंपनीकडे पोहोचेल असे धरूनच चाला आणि प्रमाणपत्रात तो उल्लेख प्रामाणिकपणे येऊ द्या.

‘ओपीडीत होण्यासारखा’. विदर्भातल्या मे महिन्यात अशा बाळांचे असे होतेच: घामातून मीठ जाते, सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड तिन्ही उतरतात, रक्त अल्कधर्मी होते. कार्डावर नुसते ‘डिहायड्रेशन’ लिहिले तर टीपीएला ओआरएस पाजून घरी पाठवण्याजोगे बाळ दिसते. म्हणून दाखल होतानाचे क्षारांचे आकडे, रक्तवायू तपासणी आणि शिरेतून दिलेल्या क्षारांचा तक्ता जोडा. निदानाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक ई८४ आहे, तो दावा अर्जावर आणि प्रमाणपत्रावर सारखाच असावा.

क्रम असा. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज करा, टीपीएला नव्हे. नकार कोणत्या कलमाखाली, ते कलम शब्दशः मागा. सोबत इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. नकारापासून एक वर्षाच्या आत जायचे, शुल्क नाही, वकील चालत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत.

दावा मंजूर झाला तरी काही रक्कम कापली जाईल. डायपर, थर्मामीटर, बेबी फूड, नेब्युलायझरचा किट आणि स्पेसर हे न मिळणाऱ्या वस्तूंच्या ठरलेल्या यादीत आहेत. त्यावर भांडत बसू नका.

मुलगी दीड महिन्याची, वजन ४ किलो. दवाखान्यात राहावे लागत नाही, पण औषधांचा महिन्याचा खर्च झेपत नाही. मेडिक्लेम घेतला तर तो मिळेल का? यजमान सूतगिरणीत आहेत, पगार १८ हजार. (इचलकरंजी)

मेडिक्लेम मुळात खाटेचे पैसे देतो, औषधाच्या बाटलीचे नाही. या आजारातला खर्च तर बहुतेक घरीच होतो. तुमच्या मुलीचेच पाहा. बाळाला दर दुधाला साधारण २ ते ५ हजार लायपेज युनिट (चरबी पचवणाऱ्या एन्झाइमचे माप) लागतात. अडीच हजार धरले आणि दिवसाला आठ वेळा दूध, तर २० हजार युनिट, म्हणजे १० हजारांच्या दोन कॅप्सूल, महिन्याला ६०. वर जीवनसत्त्वे अ, ड, ई, के, नेब्युलायझरचे क्षारपाणी, छातीची फिजिओथेरपी. दाखल झाल्याशिवाय घेतलेली जीवनसत्त्वे तर पॉलिसीच्या वगळणीतच बसतात. (मात्रा डॉक्टरच ठरवतील. किलोमागे दिवसाला १० हजार युनिटांच्या वर जाऊ नये. कॅप्सूलमधले दाणे चुरडू नका, सफरचंदाच्या गरात द्या आणि नंतर हिरडीशी दाणा राहिला नाही ना ते बोटाने पाहा, नाहीतर तोंड सोलवटते.)

तुमच्या घरात मात्र एक गोष्ट असणार आणि तिचा उल्लेख पत्रात नाही: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. पगार २१ हजारांपर्यंत असलेल्या कामगाराला ती लागू असते. पगारपत्रकावर ०.७५ टक्का कपात दिसते का पाहा. मेडिक्लेमपेक्षा तुमच्यासाठी हीच मोलाची, कारण तीत ओपीडीची औषधेही येतात, बाळ जनुकीय आजाराचे म्हणून अडवले जात नाही आणि प्रतीक्षा काळ नाही. मुलीचे नाव कुटुंबाच्या नोंदीत चढवा. एन्झाइम दवाखान्यात नसतील तर तज्ज्ञाची चिठ्ठी जोडून स्थानिक खरेदी किंवा परताव्यासाठी लेखी मागणी करा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, दर दुधाची मात्रा आणि महिन्याच्या कॅप्सूलची संख्या हवी. ‘एन्झाइम चालू ठेवा’ एवढेच लिहिले असेल तर कागद परत येतो.

दुसरी वाट राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण, २०२१. त्यात सिस्टिक फायब्रोसिस दोन ठिकाणी आहे: एन्झाइमसाठी दुसऱ्या गटात आणि पोटेन्शिएटर औषधांसाठी (बिघडलेल्या सीएफटीआरचे काम सुधारणाऱ्या) तिसऱ्या गटात. मदतीची मर्यादा ५० लाख. पैसे तुमच्या हाती येत नाहीत, उपचार केंद्राकडे जातात. महाराष्ट्रातले केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय. जाताना घामाच्या तपासणीचे अहवाल, जनुक चाचणी, मुलीचे आधार आणि पत्त्याचा पुरावा न्या. जनुक चाचणी झाली नसेल तर तिसऱ्या गटाचे बोलणेच होत नाही, कारण पोटेन्शिएटर ठरावीक उत्परिवर्तनांवरच चालते. आणि स्वतःसाठी औषध परदेशातून मागवायची वेळ आली, तर या धोरणातल्या आजारांवरच्या औषधांना १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र लागते.

दाखल व्हावेच लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ओपीडीसाठी तिचा उपयोग नाही.

‘निरामय’ विम्यात बाळाला घालता येईल असे कुणी सांगितले. खरे आहे का?

नाही. निरामय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, सिस्टिक फायब्रोसिस नाही. त्या प्रमाणपत्रासाठी बाळाला घेऊन खेटे घालू नका.

मुलगा आठ महिन्यांचा, माझ्या कंपनीच्या ग्रुप विम्यात आहे. दुसरी नोकरी चालून आली आहे. (म्हापसा)

नव्या कंपनीच्या पॉलिसीची प्रत राजीनाम्याआधी मागा. तीन गोष्टी पाहा: आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ माफ आहे का, मुले पहिल्या दिवसापासून आत येतात का, आणि रुजू होण्यापूर्वी मध्ये किती दिवस मोकळे राहतात. नवी नोकरी छोट्या संस्थेत असेल आणि ग्रुप विमाच नसेल, तर जुन्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत ‘मायग्रेशन’ मागा. काढलेल्या महिन्यांचे श्रेय प्रतीक्षा काळात मिळते. कंपनी वैद्यकीय तपासून घेऊ शकते, म्हणून अर्ज नोकरीत असतानाच करा. दरम्यान गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड मुलाच्या नावासह काढून ठेवा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त जणांना ४ लाख.

आम्ही न्यू जर्सीत असतो. नवजात तपासणीत मुलीचे निदान झाले. दोघांच्याही नोकरीत विमा आहे. दोन वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे. (एडिसन)

जन्मापासून ३० दिवसांच्या आत तिला विम्यात घ्या, संरक्षण जन्मतारखेपासून लागते. सोशल सिक्युरिटी क्रमांक येण्याची वाट पाहू नका. दोन्ही विम्यांत घातले तर आधी कोणाचा भरायचा हे तुम्ही ठरवत नाही: वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा विमा पहिला. आई फेब्रुवारीची आणि वडील ऑगस्टचे, तर आईचा. दोघांपैकी जन्मसाल कोणाचे मोठे, याला अर्थ नाही. बिल दुसऱ्याकडे आधी गेले की परत येते आणि महिने जातात. तिकडे आजार आहे म्हणून नकार किंवा आजीवन खर्चमर्यादा लावता येत नाही, पण डॉर्नेज अल्फासारख्या (कफ पातळ करणाऱ्या) औषधांना पूर्वपरवानगी लागते. ती संपण्याची तारीख कॅलेंडरवर महिनाभर आधी लिहा.

परतण्याबद्दल: तिकडच्या विम्याचे श्रेय इथे चालत नाही, मुलगी आधीपासून आजारी म्हणूनच धरली जाईल. म्हणून तुमच्यापैकी एकाने तरी पुण्यात चांगला ग्रुप विमा असलेली नोकरी पक्की करून, मुलगी त्यात चढल्याचे पत्र हाती आल्यावरच तिकडचा विमा बंद करा. निघण्याआधी जनुक चाचणीचा मूळ अहवाल, घामाचे आकडे, थुंकीच्या कल्चरचे सगळे अहवाल आणि तीन महिन्यांची औषधे सोबत घ्या. डॉर्नेज अल्फा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते, म्हणून ते सामानात न टाकता थंड पिशवीत हातात ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.